अदिसची वेळ

मंडळी, अदिस अबाबात येऊन ३ आठवडे झाले. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे यांचा १! शाळेत मात्र आपलंच घड्याळ, म्हणून सहकारी म्हणतात, कशाला डोकं शिणवतेस? मला नाही पटत. प्लंबरला वेळ द्यायची तर अम्हारिक आकडे यायलाच हवेत. (इंजेरा म्हणजे आंबोळीची आंबट थोरली बहीण. आईला सांगा, उपाशी नाहीये.)

हैले सेलासींच्या काळात इथल्या गावोगावच्या शाळांत भारतीय शिक्षक होते. परवा एका म्हाताऱ्या दुकानदाराने सुट्टे मोजता मोजता चक्क इंग्रजीतून बाराचा पाढा म्हटला. "सर इंडियन होते!" ते मास्तर काही कंपाउंडात बसून राहिले नसणार. शनिवारी मी मर्काटोत जाणार, शाळेच्या व्हॅनशिवाय.