पेशगी कोणाची, माल कोणाचा?

व्यापाराच्या पानावर अमेरिकेतील एका रॅप गायकाचे नाव पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्याच्या गाण्यांतील भाषा आमच्या घरात चालण्यासारखी नाही, आणि ती गाणी चांगली की वाईट हा आज आमचा विषयही नाही. आम्हाला बोलायचे आहे ते त्याच्या हिशेबाबद्दल. निप्सी हसल या नावाने ओळखल्या गेलेल्या या तरुणाने गाण्याला माल मानले आणि त्या मालाची मालकी, किंमत व दुकान या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हातात ठेवण्यासाठी आयुष्य खर्ची घातले. कापड विकणाऱ्याने, माग चालवणाऱ्याने आणि दुसऱ्याच्या पैशावर धंदा सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने तो हिशेब एकदा नीट वाचावा, असे आमचे मत आहे.

त्याचे खरे नाव एर्मियास असगेडोम. जन्म १५ ऑगस्ट १९८५, लॉस एंजेलिस. वडील आफ्रिकेतील एरिट्रिया या देशातून अमेरिकेत आलेले. मुलगा वाढला तो शहराच्या दक्षिण भागात, क्रेनशॉ परिसरात. हा भाग काळ्या लोकांच्या वस्तीचा आणि टोळ्यांच्या वैराने पोळलेला. तरुणपणी तोही क्रिप्स या टोळीच्या एका शाखेत गेला, हे त्याने कधी लपवले नाही. २००४ साली वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला तीन महिन्यांसाठी एरिट्रियात नेले. आपल्याच रंगाची माणसे तिथे दुकाने, कचेऱ्या आणि सारा देश चालवताना त्याने पाहिली. त्या प्रवासाने आपली नजर बदलली, असे तो पुढे मुलाखतींतून सांगत असे.

परत आल्यावर २००५ च्या सुमारास त्याने पहिली मिक्सटेप काढली. मिक्सटेप म्हणजे कंपनीच्या मदतीशिवाय स्वतःच तयार केलेला गाण्यांचा संच. तो बहुधा फुकट किंवा नाममात्र पैशात दिला जातो. आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाला सॅम्पल दाखवतात, तसाच हा प्रकार. स्लॉसन आणि क्रेनशॉ हे दोन मोठे रस्ते जिथे मिळतात, त्या चौकात गाडीच्या डिकीतून त्याने आपला माल विकला. त्याचा थोरला भाऊ त्याच चौकात टी-शर्ट विकत असे.

डिकीतून माल विकण्याची ही रीत त्याने शोधून काढली नव्हती. ओकलंडचा टू शॉर्ट, व्हॅलेहोचा ई-फोर्टी हे कॅलिफोर्नियाचे गायक त्याच्या कितीतरी आधी अशाच कॅसेटी विकून मोठे झाले. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पी याने तर १९९६ साली प्रायॉरिटी रेकॉर्ड्स या कंपनीशी सौदा केला तो फक्त वितरणाचा. विक्रीतील १५ टक्के कंपनीचे, ८५ टक्के त्याचे, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकीही त्याचीच. हसलने ही उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवली होती.

आता मोठ्या कंपनीचा करार कसा असतो ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. कंपनी गायकाला पेशगी देते. ध्वनिमुद्रणाचा आणि बऱ्याचदा चित्रफितीचाही खर्च करते. हा सारा खर्च वसूल होतो तो गायकाच्या हिश्श्यातून. समजा, पेशगी आणि खर्च मिळून १ लाख डॉलर झाले आणि गायकाचा हिस्सा १०० डॉलरमागे १५ डॉलर ठरला. मग त्या १५-१५ डॉलरमधून १ लाख फिटायला विक्री जवळजवळ ६ लाख ६७ हजार डॉलरची व्हावी लागेल. तोवर पेशगीपलीकडे एक छदामही गायकाच्या हाती येत नाही. दरम्यान, गायकाचा हिस्सा सोडून उरलेले सुमारे ५ लाख ६७ हजार कंपनीच्या गल्ल्यात पडलेले असतात.

आणि एवढे फिटल्यावर गाणे गायकाचे होते का? नाही. मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला त्या धंद्यात मास्टर म्हणतात, ते नेहमीच्या करारात कंपनीकडेच राहते. कापड छापणाऱ्याला हे चटकन समजेल. ज्याच्याकडे ठसा, त्याच्याकडे छपाई. कर्ज काढून माग घेतला तर कर्ज फिटल्यावर माग आपला होतो. इथे कर्ज गायक फेडतो आणि माग सावकाराच्या घरी राहतो.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. गाणे पडले तर कंपनी साधारणपणे पेशगी परत मागायला दारात येत नाही; तोटा तिच्या अंगावर जातो. आणि पडणारी गाणी चालणाऱ्या गाण्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. मजुरीवर माग चालवणाऱ्याचेही असेच असते. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, बाजार पडला तर तोटाही व्यापाऱ्याचा. मागवाल्याला मीटरमागे मजुरी मिळाली की त्याचा विषय संपला. ज्याच्या घरात आज चूल पेटायची आहे त्याला हा सौदा वाईट म्हणता येत नाही. पण मजुरीवर विणणाऱ्याने स्वतःला कापडाचा मालक समजू नये, एवढे मात्र खरे.

हसल स्वतः या वाटेने गेला होता. एपिक रेकॉर्ड्स या बड्या कंपनीशी त्याचा करार झाला, पण तिथून त्याचा एकही पूर्ण अल्बम बाहेर आला नाही. २०१० साली तो बाहेर पडला. त्याने आपली कंपनी पुढे चालवली. तिच्या नावाचा अर्थ असा की पैसा सगळा आत, बाहेर काही नाही. आमच्या पाहण्यात व्यापारी पेढीचे याहून स्पष्ट नाव आलेले नाही. त्याच वर्षाच्या शेवटी त्याने ‘द मॅरेथॉन’ हा संच काढला आणि पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग. हा धंदा लांब पल्ल्याच्या धावण्याचा आहे, असे त्याने नावातच सांगून ठेवले.

ज्या गोष्टीमुळे त्याचे नाव जगभर झाले ती ऑक्टोबर २०१३ मधली. ‘क्रेनशॉ’ नावाचा संच त्याने कोणालाही फुकट उतरवून घेता येईल असा ठेवला आणि त्याच वेळी त्याच्या फक्त १,००० प्रती छापून प्रत्येक प्रतीची किंमत १०० डॉलर लावली. लोकांनी त्याला वेड्यात काढले. जी वस्तू फुकट मिळते तिला १०० डॉलर कोण देईल? पण २४ तासांच्या आत सर्व प्रती संपल्या. १ लाख डॉलरची विक्री झाली. त्यांतील १०० प्रती जे-झी या नामवंत गायक-उद्योगपतीने एकट्याने घेतल्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ‘मेलबॉक्स मनी’ या संचाच्या १०० प्रती त्याने प्रत्येकी १,००० डॉलरला काढल्या.

ही कल्पना त्याला एका पुस्तकावरून सुचली. जोना बर्गर या प्राध्यापकाच्या २०१३ च्या ‘कंटेजस’ या पुस्तकात फिलाडेल्फियातील एका हॉटेलाची गोष्ट आहे. त्या शहरात रस्त्यावर स्वस्तात मिळणारे मांस-चीजचे सँडविच या हॉटेलाने १०० डॉलरला विकायला ठेवले आणि गावभर त्याचीच चर्चा सुरू झाली. हसलने वाचलेली गोष्ट आपल्या मालाला लावून पाहिली.

इथे आमचे मत थोडे वेगळे आहे. पुष्कळ लोकांनी या प्रकारातून एवढाच धडा घेतला की किंमत भरमसाट लावा, चर्चा होईल, माल खपेल. आम्ही म्हणतो, हा धडा अर्धवट आहे. उद्या आपण १०० रुपये मीटरच्या कापडाला १,००० चे लेबल लावले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल आणि जाताना हसेल. हसलच्या १,००० गिऱ्हाइकांमागे आठ वर्षे होती. आठ वर्षे तो त्याच चौकात दिसत होता, बराचसा माल फुकट वाटत होता, आणि घेणाऱ्यांना त्याचा चेहरा माहीत होता. हे पैसे माणसाची मालकी टिकावी म्हणून दिलेले होते. त्या प्रतीबरोबर एका कार्यक्रमाचे तिकीटही होते, म्हणजे पैसे देणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवले नव्हते. १० लाख लोकांनी ओळखण्यापेक्षा १,००० लोकांनी पक्के ओळखणे धंद्याला जास्त उपयोगी पडते, हे कोणताही जुना दुकानदार सांगेल. ज्याची खातेवही जुन्या गिऱ्हाइकांनी भरली आहे त्याला मंदी कमी छळते.

आता दुकानाची गोष्ट. ज्या चौकात हे भाऊ हातावर माल विकत होते, तिथल्याच व्यापारी संकुलात त्यांनी भाड्याने गाळा घेऊन कपड्यांचे दुकान काढले. जून २०१७ मध्ये त्याच ठिकाणी ‘द मॅरेथॉन क्लोदिंग’ नव्या रूपात सुरू झाले. कपडा साधाच, टी-शर्ट आणि टोप्या. पण दुकानात उभे राहून मोबाईलवर त्या मालाशी जोडलेली गाणी आणि चित्रफिती पाहता येतील अशी सोय केलेली. पुढे २०१९ च्या सुरुवातीला डेव्हिड ग्रॉस या भागीदाराबरोबर त्याने ते संपूर्ण संकुलच विकत घेतले. भाडेकरू मालक झाला. त्या दोघांनी २०१८ साली जवळच ‘व्हेक्टर ९०’ नावाची जागाही सुरू केली होती. परिसरातील तरुणांना तिथे बसून काम करता यावे, तंत्रज्ञान शिकता यावे, हा तिचा हेतू.

पैसा आल्यावर पहिल्यांदा मोहल्ला सोडण्याची रीत सगळीकडे आहे, आपल्याकडेही आहे. ती चुकीची आहे असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. मुलांची शाळा, स्वच्छ हवा ही कारणे खरी असतात. पण राहायला कुठेही जावे आणि गुंतवणूक मात्र जिथून कमावले तिथे ठेवावी, हा मधला मार्ग या तरुणाने दाखवला. त्यामुळे गल्लीतल्या माणसाचा पैसा गल्लीतल्या दुकानात जाऊन पुन्हा गल्लीतच मजुरी म्हणून फिरतो.

कोणी विचारील, मग मोठ्या कंपनीचे तोंडच पाहायचे नाही का? तसे हसलनेही केले नाही. आपली पेढी कायम ठेवून त्याने अटलांटिक रेकॉर्ड्सशी भागीदारी केली आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘व्हिक्टरी लॅप’ हा त्याचा पहिला पूर्ण अल्बम बाजारात आला. तो अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला आणि ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनात गेला. कंपनीपासून सुटल्यावर इथवर यायला आठ वर्षे लागली. या काळात कंपनीच्या पैशावर इतर गायक रेडिओवर गाजत होते, हेही विसरू नये. स्वतंत्र राहण्याची ही किंमत आहे आणि ती वेळेच्या नाण्यात द्यावी लागते. फरक एवढाच पडला की २०१८ मध्ये तो कंपनीच्या दारात गेला तेव्हा त्याच्याकडे दुकान होते, गिऱ्हाईक होते आणि नावाचा शिक्का होता. ज्याच्या वखारीत स्वतःचा माल आहे त्याच्याशी दलालही वेगळ्या आवाजात बोलतो.

३१ मार्च २०१९ रोजी त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. वय ३३. दुसऱ्याच दिवशी टोळ्यांचा हिंसाचार कसा थांबवावा याबद्दल शहरातील पोलीस अधिकाऱ्यांशी त्याची बैठक ठरलेली होती. मारेकरी त्याच परिसरातील, ओळखीचा. २०२२ मध्ये तो दोषी ठरला आणि २०२३ मध्ये त्याला किमान ६० वर्षांची शिक्षा झाली. मृत्यूनंतर २०२० साली हसलला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

मालकीचा एवढा बारीक विचार करणाऱ्या या माणसाने वसीयतनामा मात्र केलेला नव्हता. मागे दोन लहान मुले होती, गाण्यांचे हक्क होते, कपड्यांचा धंदा होता, जागेतला हिस्सा होता. या मिळकतीचा कारभार हाती घेण्यासाठी थोरल्या भावाला न्यायालयात अर्ज करावा लागला. भाऊ लायक होता आणि सुरुवातीपासून धंद्यात होता म्हणून गाडा पुढे चालला. प्रत्येक घरात असा भाऊ असतो असे नाही. आपल्या बाजारातही तोंडी हिश्श्यांवर चाललेली दुकाने कितीतरी आहेत, आणि मालकाचे डोळे मिटताच त्यांना दोन-दोन कुलुपे लागलेली वाचकांनीही पाहिली असतील.

म्हणून तरुण व्यापाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. कोणाचीही पेशगी घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पैसे फिटल्यावर माल कोणाचा राहील? शिक्का कोणाच्या नावावर असेल? आणि आपल्यानंतर हिस्सा कोणाकडे जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवायला या तरुणाला पंधरा वर्षे लागली. तिसरे उत्तर लिहायला वकिलाकडे एक दुपार पुरते, आणि तेवढी दुपार आपण या महिन्यातच काढावी.