पाटा वाढवण्याआधी

सोयाबीनची सोंगणी जवळ आली की वाशीम, रिसोड, कारंज्याच्या गॅरेजांत पिकअपवाले येतात आणि मागणी एकच असते: "गाडी मांगून लय बसते, एक पाटा वाढवून द्या." दसऱ्याच्या आत गाडी रस्त्यावर हवी असते, म्हणून आपणही फार विचारपूस करत नाही. पाटा चढतो, यू-बोल्ट आवळले जातात, गाडी ताठ उभी राहते, मालक खूश.

पण गाडी का बसते, हे आधी पाहायला हवं. पाटे थकलेले असतील, सेंटर बोल्टच्या भोकाशी एखादा तडकला असेल, तर बदलायलाच हवेत. पुष्कळदा मात्र दोष मालाच्या जागेचा असतो. व्हीलबेस तीन मीटर धरा. मागच्या ॲक्सलपासून सव्वा मीटर मागे हुकाला जनरेटरची ट्रॉली जोडली आणि तिच्या दांडीचा भार १०० किलो आला, तर मागच्या चाकांवर सुमारे १४० किलो पडतात. वरचे ४० पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. फाळक्याबाहेर लोंबणाऱ्या स्प्रिंकलरच्या पाइपांचंही तेच गणित. स्टेअरिंग हलकं लागतं ते त्यामुळेच. पाटा वाढवल्यावर गाडी सरळ दिसेल, पण ते ४० किलो पुढे परत येणार नाहीत. त्यासाठी कट्टे केबिनकडे सरकवावे लागतात, आणि त्याला खर्च शून्य. गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर आपलं एक काम बुडतं, हे कबूल!

खरी काळजी ब्रेकची आहे. ज्या पिकअपला एलएसपीव्ही आहे, तिच्यात चेसिसवरचा व्हॉल्व्ह आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक दांडी असते. माल भरला, मागची बाजू खाली आली, की दांडी व्हॉल्व्हला सांगते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. आपण पाटा वाढवला की गाडी भरूनही खाली येत नाही. व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामीच! मागचे ड्रम अर्धेमुर्धे धरतात, सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. त्यावर काहीजण दांडी तारेने वर बांधून टाकतात. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होतात आणि गाडी आडवी फिरते.

पूर्वी भरलेली पिकअप खड्ड्यांतून रेटत जायची, तेव्हा हे फारसं जाणवत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. आता तीच गाडी शेलूबाजारला वर चढते आणि पुढे वेगाने पळते.

जाडीचंही भान ठेवा. रुंदी-लांबी तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा जवळपास दुप्पट कडक होतो. रिकामी गाडी मग उड्या मारते आणि शॅकलचे बुश लवकर जातात. भार आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा त्यापेक्षा बरा. गॅसने तापवून कमान चढवणं तर बंदच करा. पाणी उतरलेला पाटा महिनाभरात पुन्हा बसतो किंवा मोडतो.

आणि पाटा वाढला म्हणून पासिंग वाढत नाही. १.७ टनाच्या पिकअपमध्ये १७ क्विंटलच. ॲक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस जिथल्या तिथेच असतात. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. कलम ५२ बदलांविषयी आहे, तेही मालकाला वाचून दाखवा.

या हंगामात एवढं करा: पाट्याचं काम झालं की कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे एलएसपीव्हीची दांडी सेट करा, हेडलाइटची दिशा पुन्हा तपासून लावा, यू-बोल्ट नवे वापरा आणि दोन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला गाडी बोलवा. ब्रेक मारून बघितल्याशिवाय किल्ली मालकाच्या हातात देऊ नका.