तालमीतला प्रॉक्सी

आमच्या गावच्या देवळात जत्रेला मराठी नाटक होतं. गोव्यातल्या वाचकांना यात नवीन काही नाही. पण ज्यांनी तालमी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. नायिकेचं काम करणारी नटी बाहेरून यायची. ती उगवायची प्रयोगाच्या आदल्या दिवशी, नाहीतर थेट त्याच दिवशी दुपारी. मग महिनाभर तालमीत तिची वाक्यं कोण म्हणणार? त्यासाठी एक 'प्रॉक्सी' असायचा. आमच्याकडे हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. दाढीचे खुंट वाढलेला मी, हातात वही घेऊन, विरहाची वाक्यं म्हणायचो आणि पोरं फिदीफिदी हसायची. पण नायक झालेल्या पोराची वाक्यं पाठ व्हायची ती माझ्यासमोरच. अडखळायचा, चुकायचा, पुन्हा म्हणायचा. प्रयोगाच्या रात्री मी विंगेत. स्टेजवर जायची मला मुभा नव्हती, आणि तेच बरोबर होतं.

हे सगळं परवा आठवलं ते 'रायली'बद्दल वाचताना.

अमेरिकेत 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट' नावाची संस्था आहे. समलिंगी, पारलिंगी अशा तरुण मुलामुलींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले तर त्यांच्याशी बोलायला रात्रंदिवस कुणीतरी असावं, म्हणून १९९८ साली ती सुरू झाली. तिथे फोन घेणाऱ्यांना आणि चॅटवर उत्तरं देणाऱ्यांना आधी तयार करावं लागतं. त्यासाठी पूर्वी संस्थेतलाच कुणी अनुभवी माणूस अडचणीतल्या मुलाची भूमिका करायचा आणि नवखा स्वयंसेवक त्याच्याशी बोलून पाहायचा. म्हणजे आपली तालीमच. अडचण एवढीच, की भूमिका करणारी माणसं मोजकी आणि त्यांना वेळ दिवसा. शिकणारे नोकरी-कॉलेज सांभाळणारे, त्यांना वेळ रात्री आणि रविवारी.

मार्च २०२१ मध्ये या संस्थेने गुगलच्या मदतीने एक कृत्रिम पात्र उभं केलं. हे पात्र म्हणजे रायली, नॉर्थ कॅरोलायनातलं एक उदास, धास्तावलेलं पोर. शिकणारा चॅटवर लिहितो, रायली उत्तर देतं. पाठ केलेली वाक्यं नव्हेत, त्या त्या वेळी यंत्राने जुळवलेली. मुळाशी होतं 'जीपीटी-२' हे त्या काळचं भाषेचं मॉडेल. त्याला पुढे शिकवलं गेलं ते आधीच्या तालमींमधल्या संवादांवर, म्हणजे माणसांनी रायलीची भूमिका करताना जे लिहिलं होतं त्यावर. आणि संस्थेने तेव्हाच स्पष्ट केलं होतं की खऱ्या मुलाशी हे यंत्र कधीही बोलणार नाही. तिथे माणूसच असेल.

म्हणजे रायली प्रॉक्सी आहे. माझ्यासारखाच, वही घेऊन उभा.

आपल्याकडे या विषयावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, दुःखाची नक्कल करणारं यंत्र म्हणजे शुद्ध थट्टा. दुसरा म्हणतो, एवढं जमतंय तर मुलांशीही यंत्रालाच बोलू द्या, स्वस्त पडेल. मला दोघांचंही पटत नाही. का, ते सांगतो. त्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. वाड्यावरचा एक मुलगा, बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात, संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसला. मी विचारलं, "कितें रे?" तो म्हणाला, "कांय ना." मग मी सुरू झालो. नापास होऊन मोठे झालेले लोक, जिद्द, आयुष्य केवढं मोठं आहे, सगळं सांगितलं. अर्धा तास. तो "बरें" म्हणून उठला आणि गेला. आपण एका पोराला धीर दिला म्हणून मी समाधानाने जेवलो.

तो मुलगा पुढे बोटीवर लागला. काही वर्षांनी सुट्टीवर आला असताना म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला काहीतरी सांगायला आलो होतो. तुम्ही बोलतच राहिलात." त्या रात्री तो फार वाईट विचारात होता. आजी उठली, त्याच्याजवळ येऊन बसली आणि काहीच न बोलता बसून राहिली. पहाटे त्यानेच तिला सगळं सांगितलं. आजी शाळेत गेली नव्हती. मी मात्र सुशिक्षित.

ही चूक मी खऱ्या मुलावर केली. तीच जर आधी एखाद्या रायलीवर केली असती, आणि कुणी मला तो संवाद समोर ठेवून दाखवलं असतं की बघा, पोराचे शब्द दहा आणि तुमचे पाचशे, तर? मी शहाणा झालो असतो असं नाही म्हणत. पण पहिल्यांदा चुकायला मला एक निरुपद्रवी जागा मिळाली असती. तालीम असते कशासाठी? चुकण्यासाठीच.

ऐकणं शिकवता येतं याचा पुरावा शोधायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनासाठी तयार केलं. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना त्यांच्या मदतीने फरक पडतो, हे २०१७ साली 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं. हे समुपदेशक स्वतःच्या भेटींचं ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. यंत्र नव्हतं, पण तालीम होती आणि तालीम पाहणारा डोळा होता. तो डोळा नसेल तर रायलीचाही उपयोग नाही.

आता स्टेजवरची बाजू. २०२३ साली अमेरिकेतल्या खाण्यासंबंधीच्या विकारांवर काम करणाऱ्या 'नीडा' संस्थेने माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. तिथला 'टेसा' नावाचा चॅटबॉट वजन कसं उतरवावं, कॅलरी कशा मोजाव्यात हे सांगू लागला. ज्यांचा आजारच तो, त्यांना! टेसा बंद करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १६ वर्षांच्या एका मुलाच्या आईवडिलांनी ओपनएआय कंपनीवर दावा लावला. आमच्या मुलाला चॅटजीपीटीने मरणाच्या विचारातून बाहेर काढायच्या ऐवजी त्यातच ढकललं, असा त्यांचा आरोप. न्यायालय काय म्हणायचं ते म्हणेल. पण प्रॉक्सीला स्टेजवर ढकललं की काय होऊ शकतं, ते समजायला निकालाची वाट पाहायला नको.

माझी खरी धास्ती आणखी वेगळी आहे. यंत्र फार सोशिक असतं. विचारलं की उत्तर देतं. आपली मुलं तशी नाहीत. गोव्यातल्या मुलाचं "कांय ना" हे उत्तर नसतं, तो बंद दरवाजा असतो. त्याच्यासमोर किती वेळ थांबायचं, पुन्हा कधी टकटक करायची, हे ज्याला कळलं तोच या कामाला लायक. शिवाय आपलं पोर घरात कोंकणी बोलतं, देवळातल्या नाटकात मराठी, शाळेत इंग्रजी आणि मित्रांना मेसेज लिहितं रोमन लिपीत, तिन्हींची खिचडी करून. नॉर्थ कॅरोलायनाच्या रायलीशी बोलून तयार झालेला माणूस या पोरासमोर गोंधळणारच.

मग आपण आपला रायली का करू नये? वर सांगितलं तसं, ते यंत्र शिकलं भूमिका करणाऱ्या माणसांच्या संवादांवर. खऱ्या मुलांचं बोलणं यंत्राला चारण्याची गरज नाही, आणि चारूही नये. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या 'क्रायसिस टेक्स्ट लाइन'ने संकटातल्या लोकांच्या संभाषणांची माहिती, नावं काढून का होईना, एका व्यापारी कंपनीला दिल्याचं उघड झालं आणि गदारोळ झाल्यावर ते थांबवावं लागलं. आपल्याला तो मार्ग नकोच. पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगावी हौशी नट आहेत. त्यांतले थोडे निवडा, अनुभवी समुपदेशकांना समोर बसवा. नटांनी "कांय ना" म्हणणारं पोर व्हावं, गप्प बसावं, चिडावं, खोटं बोलावं. ते संवाद लिहून काढा आणि त्यावर यंत्राला शिकवा. आपल्या रंगभूमीला याहून मोठं सामाजिक काम कुठलं मिळणार?

हे लांबचं स्वप्न वाटत असेल, तर एक आकडा सांगतो. २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही फोनसेवा सुरू केली. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. पण पलीकडे फोन उचलणारा माणूस तयार असायला हवा, आणि तशी माणसं पुष्कळ लागतील. त्यांच्या तालमीला यंत्र खुशाल घ्या.

प्रयोगाच्या रात्री मात्र त्याला विंगेतच राहू दे. आणि ज्यांना यातलं काहीच शक्य नाही, त्या माझ्यासारख्यांनी एवढं तरी करावं: सोप्यावर पोर येऊन बसलं आणि "कांय ना" म्हणालं, तर लगेच बोलायला लागू नये. थोडा वेळ बसून राहावं.