विश्लेषण : गरीला लागलेल्या माशावर चट्टे दिसले, तर खायचा की फेकायचा?

धानाची कापणी आटोपली आणि थंडी पडू लागली की भंडारा जिल्ह्यातील तलावांच्या पाळीवर गरी टाकून बसणाऱ्यांची गर्दी वाढते. सुटीच्या दिवशी शहरातून दुचाकीवर येणारे हौशी तरुण त्यात असतात, तसेच गावातली म्हातारी माणसेही असतात. नेमक्या याच दिवसांत गळाला लागलेल्या मरळाच्या अंगावर लाल जखमा, रोहूच्या खवल्यांवर चिकटलेले चपटे किडे किंवा मांसात पिवळट दाणे दिसतात. मग कुणी मासा तसाच शिजवतो, कुणी पुन्हा पाण्यात फेकतो, तर कुणी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तलावातले मासे खाऊ नका’ असा संदेश पाठवतो. या तिन्ही गोष्टी चुकीच्या ठरू शकतात.

माशांवर दिसते ते नेमके काय?

सर्वाधिक घाबरवणारा प्रकार म्हणजे अंगावरचे लाल व्रण. ‘ईयूएस’ या नावाने ओळखला जाणारा हा व्रणरोग अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जिवामुळे होतो. भारतात त्याची मोठी साथ 1988 मध्ये ईशान्येकडील राज्यांतून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. पाणी थंड होऊ लागले की तो जोर धरतो. मरळ त्याला लवकर बळी पडतो. मृगळासारख्या कार्प जातीही सुटत नाहीत.

दुसरा प्रकार अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. काही मिलिमीटरचा हा चपटा, गोल जीव माशाच्या अंगावर सरकताना डोळ्यांनी दिसतो. तिसरा लर्निया. हा दोऱ्यासारखा लोंबतो आणि त्याचे डोके नांगरासारखे मांसात रुतलेले असते. दोघेही माशाचे रक्त आणि शरीरद्रव शोषतात व त्याला अशक्त करतात.

चौथा प्रकार मांसात किंवा कातडीखाली दिसणारे पिवळे, काळे दाणे. हे पर्णकृमींच्या अळ्यांचे कोष असतात. त्यांचे चक्र तलावातच पूर्ण होते. बगळ्यासारख्या मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात येतात, अळ्या गोगलगायीत वाढतात, तिथून माशात शिरतात आणि तो मासा खाणाऱ्या पक्ष्यात प्रौढ होतात. पक्षी, गोगलगायी आणि मासे एकत्र नांदणाऱ्या तलावात असे दाणे सापडणे म्हणजे तलाव ‘विषारी’ झाला, असे नव्हे.

माणसाला धोका किती?

व्रणरोगाचा मूळ जीव माणसाच्या शरीराच्या 37 अंश तापमानात वाढतच नाही. अर्ग्युलस आणि लर्निया माणसाला लागत नाहीत. मात्र, उघड्या जखमेवर एरोमोनाससारखे जिवाणू वाढतात. असा मासा साफ करताना हाताला चिरा असतील, तर त्यांचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे व्रण पडलेला मासा खाऊ नये, हेच शहाणपणाचे.

खरा धोका कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीत आहे. थायलंडच्या ईशान्य भागात गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाण्याची परंपरा आहे. तिथे यकृतातील पर्णकृमींमुळे पित्तनलिकेचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. मरळासारख्या माशांतून येणारा नॅथोस्टोमा हा कृमी माणसाच्या कातडीखाली फिरतो, कधी डोळ्यात किंवा मेंदूतही पोहोचतो. विदर्भात मासोळीचा रस्सा चांगला उकळूनच केला जातो. आजवर ही स्वयंपाकाची रीतच मोठे संरक्षण ठरली आहे.

ही रीत मोडते ती तलावाकाठच्या पार्टीत. निखाऱ्यावर भाजलेला जाड मरळ बाहेरून करपतो, पण काट्याजवळ कच्चाच राहतो. माशाच्या आतील भागाचे तापमान 63 अंश सेल्सिअसपर्यंत गेले की कृमी मरतात. थर्मामीटर नसला तरी मांस काट्यापासून सहज सुटते का आणि आतपर्यंत पांढरे, अपारदर्शक झाले का, हे पाहता येते. घरच्या फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नये. कृमी मारण्यासाठी उणे 20 अंशांवर 7 दिवस मासा ठेवावा लागतो आणि साध्या फ्रिजमध्ये एवढी थंडी टिकत नाही. नुसते मीठ, हळद किंवा लिंबू लावल्यानेही कृमी मरत नाहीत.

कोणता मासा मुळीच खाऊ नये?

शिजवण्याचा नियम कृमी आणि जिवाणूंना लागू पडतो, विषाला नाही. तलावात एकाच वेळी ढिगाने मासे मेलेले तरंगत असतील, तर कारण ऑक्सिजनची कमतरता, सांडपाणी किंवा कीटकनाशक यांपैकी काहीही असू शकते. धानाच्या बांधीतून वाहून आलेले कीटकनाशक कितीही उकळले तरी जात नाही. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून वैनगंगेत उतरते आणि पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणापर्यंत पोहोचते, हे तर सर्वज्ञात आहे. त्यामुळे मेलेला, मरणासन्न किंवा उग्र वास येणारा मासा फुकट मिळाला तरी घरी नेऊ नये.

यात ढीवर समाजाचे काय पणाला लागले आहे?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील जुन्या मालगुजारी तलावांपैकी अनेकांमध्ये मासेमारीचा ठेका ढीवर बांधवांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो. हौशी माणसासाठी एक आजारी मासा म्हणजे वाया गेलेली संध्याकाळ. संस्थेसाठी मात्र ते वर्षभराच्या बीजावर आणि मेहनतीवर आलेले संकट असते. 1988 नंतरच्या साथीत रोगापेक्षा भीतीने मच्छीमारांचे जास्त हाल झाले. लोकांनी निरोगी मासेही घेणे बंद केले आणि भाव कोसळले. आज एक फोटो तेच काम काही तासांत करू शकतो.

उलट, रोग लपवणेही संस्थेच्या हिताचे नाही. व्रणरोग वेळीच कळला, तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने चुना टाकून पाण्याची प्रत सुधारता येते, विरळणी करता येते, निरोगी मासे आधी काढून विकता येतात. उशीर झाला की शेजारच्या तलावांतही रोग जातो. तो नेणाऱ्यांत ओली जाळी असते, दुसऱ्या तलावातून आणलेले जिवंत आमिष असते आणि कधी हौशी गरीवाल्याची बादलीही असते.

मग करायचे काय?

गरी टाकणाऱ्यांसाठी नियम सोपे आहेत. ठेक्याच्या तलावात संस्थेच्या परवानगीशिवाय गरी टाकू नये. एका तलावातील मासे, पाणी किंवा आमिष दुसऱ्या तलावात सोडू नये. आजारी मासा आणि साफ केलेल्या माशाची आतडी पाण्यात न फेकता पाळीपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावी. आतडी पाण्यात टाकणे म्हणजे कृमींचे चक्र स्वतःच्या हाताने चालू ठेवणे. कुत्र्या-मांजरांनाही ती कच्ची घालू नये, कारण नॅथोस्टोमा त्यांच्याच पोटात प्रौढ होतो.

फोटो काढायला हरकत नाही, फक्त तो योग्य ठिकाणी जायला हवा. देशात 2013 पासून जलचर रोगांवर देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि त्याअंतर्गत जून 2023 मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅप आणले गेले. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही कळवता येते. नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, म्हणजे तज्ज्ञ फार दूर नाहीत.

पण जबाबदारी एकट्या नागरिकावर ढकलून चालणार नाही. अ‍ॅप असणे आणि तलावापर्यंत माणूस पोहोचणे यात अंतर आहे. थंडीच्या आरंभी मोठ्या तलावांतील माशांची नमुना तपासणी व्हावी आणि तिचा निकाल मराठीत संस्थेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ‘अमुक तलावातील मासे तपासले, खाण्यास योग्य’ हे एक वाक्य अफवेला पुरून उरेल. तपासणीत दोष आढळला, तर विक्री थांबवताना संस्थेला ठेक्याच्या रकमेत सवलत मिळायला हवी. नुकसान एकट्याने सोसावे लागणार असेल, तर पुढच्या वेळी कोणीही रोग स्वतःहून कळवणार नाही.

तलावावर रोज नजर असते ती ढीवर बांधवांची आणि गरी टाकून तासन्‌तास बसणाऱ्यांची. माशाचा आजार सर्वांत आधी त्यांनाच दिसतो. त्यांनी दिलेली खबर ऐकणारी आणि तिचे उत्तर परत देणारी यंत्रणा उभी राहिली, तर तलावही वाचतील आणि ताटातली मासोळीही निर्धास्त खाता येईल.