मोडीत निघालेल्या डब्यांचा लळा

जुने यंत्र मोडीत निघताना त्याच्या निरोपाला माणसांनी गर्दी करावी, ही गोष्ट व्यवहारी शहाण्यांना नेहमीच हास्यास्पद वाटत आली आहे. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील ‘आर-३२’ या जातीच्या डब्यांची अखेरची फेरी झाली. तिच्यात बसण्यासाठी रेल्वेप्रेमी लोटले, फलाटाफलाटावर छायाचित्रे घेणाऱ्यांची झुंबड उडाली. ‘लोखंडाच्या पेटाऱ्यावर कसले प्रेम? हा निव्वळ पोरखेळ होय,’ असे म्हणणारे तेथेही असतील आणि आपल्याकडे तर मुबलक आहेत. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. हा लळा पोरकट नसून सार्वजनिक मालमत्तेचा हिशेब ठेवण्याची ती एक रीत आहे, आणि जो समाज तिला हसतो तो आपलेच नुकसान करून घेतो, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम, ज्यांच्यासाठी ही गर्दी झाली ते डबे कसे होते हे पाहू. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९६४-६५ साली असे सहाशे डबे बांधले. त्यांचे अंग न गंजणाऱ्या स्टेनलेस पोलादाचे होते, बाजूंना पन्हळी होत्या, आणि त्यांच्या लकाकीमुळे लोक त्यांना ‘ब्राइटलायनर’ म्हणू लागले. त्यांपैकी बरेचसे आधीच मोडीत गेले. उरलेले मात्र सत्तावन्न वर्षे धावले. ज्या माणसाने बापाचे बोट धरून या डब्यात प्रथम पाऊल टाकले, तो आपल्या नातवाला घेऊन त्याच डब्यात चढू शकला.

आता पहिला आक्षेप घेऊ. निर्जीव वस्तूवर प्रेम करणे हे अपक्व मनाचे लक्षण आहे, असे म्हणतात. आम्ही विचारतो, आजीचा पितळी डबा किंवा आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ घरातून काढताना ज्याचा हात अडखळत नाही, त्याला आपण परिपक्व म्हणतो काय? आणि रेल्वेप्रेमींचे प्रेम तर नुसत्या सवयीचे नसते. ते जाणतेपणाचे असते. डबा डोळ्यांआड असतानाही केवळ मोटारीच्या आवाजावरून त्याची जात सांगणारी माणसे त्यांच्यात आहेत. या आर-३२ डब्याच्या पुढच्या दारास काच होती, आणि मोटरमनची खोली एका बाजूस असल्यामुळे त्या काचेशी कोणाही उतारूस उभे राहता येई. रूळ कसे वळतात, सिग्नलचा दिवा लाल-हिरवा कसा होतो, हे पोरे तासन्‌तास तेथून पाहत. पुढील काळातील डब्यांत मोटरमनची खोली सबंध रुंदीची झाली आणि ती खिडकी सामान्य माणसास बंद झाली. मोटरमनच्या सोयीसाठी हा बदल योग्यही असेल. परंतु ज्या यंत्राला नागरिक पैसे देतो त्याचे चालणे पाहण्याची एक जागा त्याच्या हातून गेली, ही हानी खोटी नव्हे. तिची नोंद कोणी घेतली? ज्यांना पोरकट म्हणतात त्यांनीच घेतली.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे, तो प्रगतीचा. नवे ते चांगलेच असणार. मग जुन्यासाठी हळहळावे कशाला? या प्रश्नाला न्यूयॉर्कच्याच इतिहासाने सणसणीत उत्तर दिले आहे. आर-३२ नंतर, १९७१ ते १९७३ या काळात ‘आर-४४’ हे अधिक लांब व अधिक आधुनिक डबे आले. त्यांच्या अंगातील साध्या पोलादाचे भाग गंजले, सांगाडे दुबळे झाल्याचे आढळले, आणि २०१० मध्ये शहराच्या मुख्य मार्गांवरून त्यांना काढून घ्यावे लागले. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी कामावर कोण राहिले? १९६४ चे ते म्हातारे डबे! त्यानंतरच्या ‘आर-४६’ डब्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९७५ ते १९७८ मध्ये आलेल्या या डब्यांच्या चाकांचे सांगाडे वजनाने हलके व नव्या धर्तीचे होते. थोड्याच वर्षांत त्यांना तडे जाऊ लागले आणि अखेर ते बदलावे लागले. पुढे याच डब्यांनी अनेक दशके इमानाने चाकरी केली, आणि मार्च २०२३ पासून त्यांची जागा घेण्यास ‘आर-२११’ हे नवे डबे येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठीही हळहळणारे निघालेच. तात्पर्य, नवेपणा हा गुण नव्हे; तो केवळ एक तारीख आहे. गुण कशात आहे हे वर्षानुवर्षांच्या वापरानेच कळते, आणि तो वापर ध्यानात ठेवणारे लोक समाजात असावे लागतात. विक्रेत्यांच्या गोड भाषणांवर याहून चांगला उतारा आम्हांस ठाऊक नाही.

शिवाय हा लळा एकट्या पोलादाचा नसतो; पोलादाची निगा राखणाऱ्या हातांचा तो मान आहे. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची दशा अशी होती की डबे सरासरीने सहा-सात हजार मैल धावले की बंद पडत. दुरुस्तीचा खर्च वर्षानुवर्षे टाळल्याचे ते फळ होते. १९८२ पासून मोठी रक्कम ओतून सुधारणेस आरंभ झाला. नवे डबे आलेच, पण जुन्यांचाही जीर्णोद्धार झाला. आर-३२ डबे त्या दशकाच्या अखेरीस नव्याने बांधल्यासारखे करून घेतले गेले व त्यांत वातानुकूलनही आले. डबे तेच, पोलाद तेच. बदलली ती निगा. जो या डब्यांवर प्रेम करतो त्याला ही गोष्ट पाठ असते. जो त्यांना केवळ खटारे म्हणतो त्याला ती माहीत नसते, आणि म्हणून दुरुस्ती टाळून नवी खरेदी करणे हेच त्याला शहाणपण वाटते.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, ‘मग काय, उतारूंनी जन्मभर मोडकळीस आलेल्या गाड्यांतूनच जावे?’ मुळीच नव्हे. आर-३२ डबेही शेवटी शेवटी इतरांहून अधिक वेळा बंद पडत होते. त्यांना निवृत्त केले हे योग्यच झाले. याबाबतीत वॉशिंग्टनची भुयारी रेल्वे कोणीही विसरू नये. २२ जून २००९ रोजी तेथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे प्राणांस मुकली. टक्कर झाली ती मार्गावरील विद्युत्‌-यंत्रणेच्या दोषामुळे. परंतु आदळणाऱ्या गाडीचा पुढचा डबा १९७० च्या दशकातील दुबळ्या सांगाड्याचा असल्याने चुरडला गेला. असे डबे काढून टाकावेत किंवा मजबूत करावेत, असे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने २००६ मध्येच बजावले होते. पैशाच्या व भाडेपट्ट्याच्या कारणांवरून ते राहिले, आणि सर्व डबे निघण्यास २०१७ साल उजाडले. वाचकांनी नीट पाहावे: हे डबे रेल्वेप्रेमींच्या हट्टामुळे रेंगाळले नाहीत. ज्यांच्या हाती थैलीच्या दोऱ्या होत्या त्यांनी ते रेंगाळविले. डबा जपणे आणि डबा राबविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रेमी जपा म्हणतो. राबवा म्हणतो तो हिशेबनीस!

आणि जपण्यास फार काही लागते असेही नाही. १९४६ मध्ये बंद पडलेल्या ब्रुकलिनमधील एका भुयारी स्थानकात न्यूयॉर्ककरांनी १९७६ मध्ये संग्रहालय उघडले. जुने डबे तेथे रुळांवर उभे आहेत, आणि अधूनमधून काही जुन्या गाड्या पुन्हा धावतातही. त्याच शहराने २००१ ते २०१० या काळात अडीच हजारांहून अधिक निकामी डबे माशांना आसरा व्हावा म्हणून अटलांटिकच्या तळाशी सोडले. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. हजारो जावेत, पण निवडक राहावेत. आणि कोणते राहावेत हे जाणत्यांस विचारून ठरावे.

आपल्याकडेही हे प्रसंग येऊन गेले आहेत. भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कलकत्त्यात सुरू झाली, आणि बरोबर सदतीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तेथील बिगर-वातानुकूलित गाड्यांना निरोप देण्यात आला. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. ती ज्या एकदिश विद्युत्‌-प्रवाहावर चालली, त्यावरील अखेरची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. लक्षावधी कुटुंबांचा चरितार्थ ज्या डब्यांनी वाहिला, त्यांच्या निरोपाला चार माणसे कॅमेरा घेऊन आली तर त्यांस हसू नये. त्यांच्याजवळ जाऊन विचारावे: हा डबा किती वर्षे चालला, कशामुळे टिकला, कशामुळे थकला, आणि नव्या डब्याकडून आपण काय मागावे? आमचा अनुभव असा की यांची उत्तरे त्यांच्याजवळ तयार असतात. हसणाऱ्यांजवळ मात्र ती नसतात.