खाणीचे गाव ‘गमतीदार’ नसते

१/ दोन रात्रींची सहल, चाकांवरचे घर आणि मुक्कामाला एखादे ‘जगावेगळे जुने खाणगाव’. परदेशी चित्रफितींतून आलेली ही कल्पना आता मराठी तरुणांतही रुजते आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. औरंगपुऱ्यातून पहाटे निघालेली गाडी समृद्धी महामार्गाने नागपूर ओलांडून दिवस मावळण्यापूर्वी मनसरच्या मँगनीज खाणींपाशी पोहोचू शकते. या प्रवासाला हरकत नाही. हरकत ‘जगावेगळे’ आणि ‘गमतीदार’ या विशेषणांना आहे.

२/ ही विशेषणे कुठून आली? अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील बिस्बी हे त्याचे ठळक उदाहरण. तांब्यासाठी वसलेल्या या गावातील मोठ्या खाणी १९७० च्या दशकात बंद पडल्या. स्वस्त झालेल्या घरांत चित्रकार व भटके लोक येऊन राहिले आणि गाव ‘गमतीदार’ म्हणून प्रसिद्ध झाले. आज तेथे खाणीच्या प्रचंड खड्ड्याच्या काठावर कॅरव्हॅनतळ आहे.

३/ याच बिस्बीत १२ जुलै १९१७ रोजी हजाराहून अधिक संपकरी कामगार व त्यांच्या समर्थकांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या मालडब्यांत कोंबण्यात आले आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडण्यात आले. त्यांत मेक्सिकन व युरोपीय स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. त्यांतील बहुतेक जण पुन्हा कधीच परतले नाहीत. गाव ‘गमतीदार’ होण्याआधी ते अशा रीतीने रिकामे करण्यात आले होते.

४/ आता मनसर. रामटेक तालुक्यातील हे गाव नागपूर-जबलपूर रस्त्यावर आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी १८९६ मध्ये स्थापन झाली आणि तिने या पट्ट्यात मँगनीजचे खाणकाम उभारले. १९६२ मध्ये तिच्या जागी ‘मॉइल’ आली, आणि १९७७ मध्ये मॉइल पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. मनसरची खाण आजही चालू आहे. चालू खाणीला ‘जुने खाणगाव’ म्हणणे म्हणजे आज पाळीवर असलेल्या कामगाराला अवशेष ठरवणे होय.

५/ मँगनीज कशासाठी हवे होते? पोलादातील प्राणवायू व गंधक यांचे दोष घालवण्यासाठी आणि त्याला काठिण्य देण्यासाठी. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात, तेथे मँगनीजयुक्त पोलाद विशेष टिकते. भारतात मात्र टाटांच्या साकचीच्या कारखान्यातून पोलादाचा पहिला ठोकळा १९१२ मध्ये बाहेर पडला. तोवर नागपूर-भंडाऱ्याचे खनिज कच्च्या रूपातच बंदरावर जाई आणि परदेशी भट्ट्यांत पडे.

६/ १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमीत रशियन साम्राज्यातील, आजच्या जॉर्जियामधील, चियातुरा येथील मँगनीजचा पुरवठा विस्कळीत झाला. जगात भाव चढले आणि मध्य प्रांतातील खाणींना तेजी आली. काकेशसमधील संपाचा परिणाम रामटेकच्या टोपलीवर झाला! ज्या गावाचे दैव दोन खंडांपलीकडच्या घटनांनी बदलत होते, त्याला ‘जगापासून तुटलेले’ म्हणणे हे अज्ञान आहे.

७/ आणि ती टोपली कोणाच्या डोक्यावर होती? उघड्या खाणींत पुरुष पहार-कुदळ चालवीत, स्त्रिया खनिज वाहत आणि निवडीत. बरेच काम ठेकेदारांमार्फत चाले. त्यामुळे कंपनीच्या दफ्तरात टनांचा हिशेब सापडतो. माणसांची नावे सहसा सापडत नाहीत.

८/ येथे एक विलक्षण विसंगती दिसते. भूवैज्ञानिक ल्यूइस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या येथील एका खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते गोंड समाजावरून. एका समाजाचे नाव जगाच्या भूशास्त्रात अमर झाले. पण ज्या भूमीवरून ते घेतले, तेथे खपलेल्या गोंड मजुराचे नाव किती ग्रंथांत आहे?

९/ कामगारांना जे मिळाले, ते कायद्याच्या कष्टसाध्य वाटेने मिळाले. खाणींतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९४१ मध्ये झाला. १९४३ मध्ये त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खाणगावाचा इतिहास सांगताना यंत्रांची छायाचित्रे दाखवायची आणि हा कायदा वगळायचा, हा निव्वळ विसराळूपणा मानता येत नाही.

१०/ मनसरलाच दुसरे उत्खननही झाले आहे. हिडिंबा टेकडीवर वाकाटककालीन विटांचे भव्य अवशेष सापडले; हेच दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर असावे, असे अनेक संशोधक मानतात. अजिंठ्याच्या लेण्यांशी वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचा संबंध असल्यामुळे संभाजीनगरच्या अभ्यासकाला ही टेकडी जवळची वाटते. पण एकाच गावात राजासाठी खणलेली माती ‘वारसा’ ठरते आणि मजुराने खणलेली माती ‘पार्श्वभूमी’ ठरते. हा भेद जमिनीने केलेला नाही, इतिहास लिहिणाऱ्यांनी केला आहे.

११/ ही खोड घरापासूनची आहे. मलिक अंबरने खडकी वसवली आणि जमिनीखालून पाणी आणणारी नहर खोदवली, हे शहरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर निदान नावाने उरला. त्या अंधाऱ्या बोगद्यांत उतरलेल्या बेलदारांचे काय? पायाखालचे खोदकाम ज्याने वाचले नाही, त्याला पाचशे किलोमीटरवरचे खोदकामही केवळ छायाचित्रापुरतेच दिसणार.

१२/ पर्यटनाने गावात पैसा येतो, असा प्रतिवाद होईल. तो खोटा नाही. खाणीवर विसंबलेल्या गावाला दुसरा आधार हवाच. परंतु स्वयंपाकघर, बिछाना आणि पाणी सोबत घेऊन आलेली गाडी गावात खर्च करते तरी किती? आणि गावाची गोष्ट विकायचीच असेल, तर ती सांगण्याचा पहिला हक्क निवृत्त खाणकामगारांचा असावा. त्यांच्या आठवणी नोंदवून घेणारी पिढी आज तरुण आहे. सांगणारी पिढी झपाट्याने संपते आहे.

१३/ म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी मनसरला अवश्य जावे. मात्र तीन प्रश्न घेऊन जावे. खनिज कोणी काढले? ते कोठे गेले? काढणाऱ्यांच्या वाट्याला काय उरले? कॅमेऱ्याआधी वही उघडावी, परवानगी घेऊन एखाद्या वृद्ध कामगाराशी बोलावे, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचे नाव पूर्ण लिहावे. कंपनीच्या दफ्तराने जे टाळले, ते एका वहीत उतरले तरी त्या सहलीला इतिहासाचा अभ्यास म्हणता येईल.