आकाशाचा मक्ता

इस्लापुराहून हिमायतनगर-भोकरमार्गे नांदेड गाठणाऱ्या गृहस्थाला विमानाचे अप्रूप आता फारसे उरलेले नाही. हैदराबादच्या इस्पितळाने रुग्णाला फेरतपासणीस ज्या महिन्यात बोलावले आहे, त्या महिन्यात हे विमान चालू असेल काय, एवढीच त्याची विवंचना असते, आणि ती अनाठायी नाही. 27 एप्रिल 2017 रोजी, केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या मुहूर्तालाच, ट्रूजेटने नांदेड-हैदराबाद सेवा सुरू केली. तासाभराच्या प्रवासास, निम्म्या आसनांपुरता, अडीच हजारांचा दर बांधून दिला गेला, तुटीची भरपाई सरकारने पत्करली आणि तीन वर्षे त्या मार्गावर इतरांस मज्जाव झाला. 2022च्या आरंभी ती कंपनीच बसली, आणि 2024 साली स्टार एअर येईपर्यंत नांदेडकरांस पुन्हा आगगाडीचाच आसरा उरला.

दोष मक्त्याच्या मुदतीत आहे. नांदेड-लातुरासह पाच विमानतळ 2009 मध्ये रिलायन्सला पंचाण्णव वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आले, आणि तेथून उडणाऱ्याला आधार मात्र तीन वर्षांचा! ठोक्याने शेत कसणारा बांधावर आंबा लावील कशाला? महालेखापरीक्षकांच्या 2023च्या अहवालाप्रमाणे ‘उडान’खाली मंजूर 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. तीन वर्षांपलीकडे तगले ते अवघे 54.

दुसऱ्याकडून विमान उडवून घेण्यास माझी हरकत नाही. निजाम सरकार व टाटा यांनी 1945 साली काढलेली डेक्कन एअरवेज हीदेखील भागीदारीच होती, परंतु तीत सरकारचा हिस्सा मोठा असल्याने जबाबदारीही सरकारच्याच दारी होती. उलट अमेरिकेत तिकीट कॉन्टिनेन्टल या विमान कंपनीच्या नावाचे आणि विमान व वैमानिक कोल्गन एअरचे, असा प्रघात बिनबोभाट चालला होता, तो 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ असे एक विमान कोसळून पन्नास जीव गेल्यावर उघड्यावर आला; मग विमान प्रत्यक्षात कोण उडवणार, हे तिकीट विकतानाच सांगण्याचा दंडक कायद्याने घालावा लागला.

एस.टी. तोट्यातली म्हणून किनवटची गाडी तीन वर्षांच्या मुदतीवर कोणी सोडत नाही. तेव्हा अनुदान कंपनीच्या नव्हे, मार्गाच्या नावे मंजूर व्हावे. कंपनी बुडाल्यास ठरल्या मुदतीत दुसरी आणण्याचा भार एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर असावा, आणि त्याचे दफ्तर दिल्लीत नव्हे, नांदेडात असावे.

— इस्लापूरकर